अर्धं उत्तर

रविराजला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटलेलं स्वप्नालीनं पाहिलं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. वरवर बघितलं तर काहीच घडलं नव्हतं. बीडमधल्या एका मुलांच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिघं बसले होते. पंखा फिरत होता, खाली कुणाचं तरी लेकरू सुई बघून ओरडत होतं. टेबलापलीकडं मंजुषा मॅडम. या मॅडम महिन्यातून एकदा संभाजीनगरहून यायच्या आणि रक्तातून, घराण्यातून येणारी दुखणी माणसांना समजावून सांगायच्या. समजावणं हेच त्यांचं काम. गोळी नाही, सुई नाही, सलाइन नाही. स्वप्नालीनं विचारलं होतं, "मॅडम, ह्यांनी दुसरीशी लगीन केलं तर?" भाजीच्या गाड्यावर मेथीची दुसरी जुडी दाखवा म्हणावं इतक्या साध्या आवाजात तिनं ते विचारलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि खरं ते सांगितलं. मुलगी नात्याबाहेरची असेल, तिचं रक्त तपासलेलं असेल, तर मग हा धोका जवळजवळ राहत नाही. त्यावर रविराजचा श्वास, जो कित्येक महिने गळ्याशीच अडून बसलेला होता, सरळ पोटापर्यंत खाली गेला. एवढंच. खांदेही जरा उतरले असतील. पण प्रश्न मॅडमना विचारून स्वप्नाली बघत होती त्याच्याकडं. तिनं ते सगळं पाहिलं, मग मान वळवली, पिशवीतून बाटली काढली आणि दोन घोट पाणी प्याली.

त्याआधीचं बोलणं तसं बरं झालं होतं म्हणायचं. मॅडमनी कोऱ्या कागदावर त्यांचं घराणं काढलं होतं, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. वर शेजारी शेजारी सख्खे भाऊबहीण, रविराजचे वडील सुंदरराव आणि स्वप्नालीची आई भिवराबाई. सुंदररावांच्या खाली रविराज आणि त्याची धाकटी बहीण मोहिनी. भिवराबाईच्या खाली राम आणि स्वप्नाली. मग मॅडमनी रविराजपासून स्वप्नालीपर्यंत दोन रेघा ओढल्या आणि रामपासून मोहिनीपर्यंत दोन. "नात्यातलं लग्न असलं की आम्ही दुहेरी रेघ काढतो," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं दोन्हीकडं आहे." रविराजचं जालना रोडला फ्लेक्सचं दुकान. दिवसभर कॉम्प्युटरवर माणसांचे फोटो कापायचे, चिकटवायचे, भोवती फुलं टाकायची, हाच धंदा. त्यामुळं पट्टी न धरता मॅडमची रेघ किती सरळ येते हे त्याच्या आधी लक्षात आलं, आणि आपल्या दोघांच्या खालचा एक चौकोन आणि एक गोल त्यांनी शाईनं भरून काळा केला, हे नंतर. प्रत्येक माणसाला स्नायूंच्या ताकदीचा गुण दोन ठिकाणांहून मिळतो, त्या सांगत होत्या, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या दोघांतही एक चांगला आहे आणि एक बिघडलेला. चांगला आहे म्हणून तुम्ही ठणठणीत. दोघांकडूनही बिघडलेलाच गेला, की बाळाच्या स्नायूंना ताकद मिळत नाही. हे बिघडलेलं दोघांकडं एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलं असणार. यात कुणाचा दोष नाही, आईचा तर नाहीच. दर बाळंतपणाला चारात एक, एवढा धोका.

"मंग दोनी बारीला त्येच कावून आलं?" स्वप्नालीनं विचारलं. चिठ्ठ्या दर वेळी नव्यानं टाकल्या जातात, मॅडम म्हणाल्या, मागच्या वेळी काय निघालं होतं ते त्यांना ठाऊक नसतं. पुढच्या वेळी दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यातच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. आजारी निघालं तर पुढं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. मूल नको असंही ठरवता येतं, दत्तकही घेता येतं. "तुमीच सांगा ना मॅडम, आमी काय करावं," रविराज म्हणाला. "ते मी सांगायचं नसतं. मी फक्त काय काय शक्य आहे ते सांगते." रविराजला राग आला. डॉक्टरनं सांगावं आणि आपण करावं, पुढं बरंवाईट झालं तर डॉक्टरच्या नावानं बोटं मोडावीत, यात माणसाला केवढा आधार असतो. या बाईनं तोच काढून घेतला होता, आणि तोही इतक्या मायेनं, की भांडायचीही सोय नव्हती. स्वप्नाली भिंतीकडं बघत होती. भिंतीवर बोर्ड होता, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो रविराजच्याच दुकानातला. असले बोर्ड त्यानं निम्म्या जिल्ह्याला छापून दिलेले होते. "पोटातलं बघायचं आन् ठिवायचं का न्हाई ते ठरवायचं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडं ह्ये लोकांनी लई केलं मॅडम. मला न्हाई जमायचं." त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मॅडमना म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, फक्त मान हलवली. आणि मग स्वप्नालीनं तो प्रश्न विचारला.

प्रश्नाचं उत्तर देऊन मॅडम गप्प बसल्या नव्हत्या. "आणि हे दोघांनाही लागू आहे, ताई," त्या स्वप्नालीकडं बघून म्हणाल्या होत्या. "तुम्हालाही. दुसऱ्या घरी तुमचं लग्न झालं असतं, तर तुमचीही मुलं अशी झाली नसती." हे रविराजनं ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं एवढं नक्की. निघताना मॅडमनी आणखी एक बजावलं. मोहिनीला दिवस गेलेत म्हणता, तर तिला आणि तिच्या नवऱ्याला लगेच घेऊन या. त्यांचं पहिलं मूल चांगलं आहे म्हणून दोघं सुटले असं होत नाही. उशीर करू नका. रविराजनं मान हलवली. मान हलवण्यात तो लहानपणापासून पटाईत होता.

गाडीवर स्वप्नाली नेहमीसारखी मागं बसली. हातही नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यामुळंच त्याला कसंतरी झालं. हात काढून घेतला असता तर बरं वाटलं असतं. बशीरगंजच्या चौकात गर्दीत गाडी अडली, तेव्हा त्याला वाटलं, आता म्हणावं काहीतरी. पण काय म्हणणार? मला हलकं वाटलं नाही, असं? जी गोष्ट तोंडानं बोललीच नाही ती नाकारणार कशी? आणि हलकं वाटणं हा काय गुन्हा आहे, तो स्वतःशीच वाद घालू लागला. उन्हातून चालताना सावली लागली की बरं वाटतं, म्हणजे काय माणूस त्या झाडाखाली घर बांधायला निघतो? तिला घरी सोडून तो दुकानात आला, शटर वर केलं, शाईचा तो डोक्यात जाणारा वास घेतला आणि मशीन सुरू केली. पण वाद काही थांबेना. मुळात तिनं विचारलं कशाला? स्वतःसाठी नक्कीच नाही. त्याच्यासाठी विचारलं. त्याच्या मनात हे कधीपासून असेल आणि तोंडातून निघत नसेल, असं तिनं ओळखलं आणि त्याच्या वतीनं विचारून टाकलं. खरी भीती इथंच होती. कारण त्याच्या मनात ते होतं की नव्हतं, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

त्यांचं लग्न म्हणजे साटंलोटं. रामला मामाची पोरगी करायची होती, ती रीतच. पण मोहिनी द्यायची तर बदल्यात त्या घरची स्वप्नाली या घरी यायची, असं सुंदरराव आणि भिवराबाई या भावाबहिणीनं आपापसात ठरवलं. ना हुंडा, ना मानपान. कड्याला, भिवराबाईच्या गावी, एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. दोन्हीकडचे लोक वरपक्षही आणि वधूपक्षही, त्यामुळं रुसून बसायला कुणालाच जागा नव्हती आणि जेवणावळीत सगळे एकमेकांना आग्रह करून दमले. त्या दिवसापासून राम त्याला दाजी म्हणतो आणि तो रामला. आईबापाला वाटलं, दोन पोरी दोन घरांत एकमेकींच्या जामीन राहतील. इकडं एकीला त्रास झाला की तिकडं दुसरीला, म्हणून कुणी कुणाला त्रासच देणार नाही. तसं चाललंही होतं. स्वप्नाली काही परकी नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत ती मामाच्या गावी, म्हणजे त्याच्याच घरी, पाटोद्याजवळच्या मळ्यावर यायची, त्याला रव्या म्हणायची आणि विहिरीत त्याच्याआधी उडी टाकायची. लग्नानंतर आवो झालं. मांडवात अक्षता पडताना रविराजच्या मनात काय होतं, असं आता आठवून पाहिलं, तर त्याला एवढंच आठवलं की गळ्यातला हार टोचत होता. तिच्याशी लग्न करायचं असं त्यानं कधी ठरवलं नव्हतं. करायचं नाही असंही नाही. ठरवायची वेळच त्याच्यावर आलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ठरव म्हणालं ते त्या कोपऱ्यातल्या खोलीत.

पहिला मुलगा. त्याला न्यूमोनिया झाला असं पाटोद्याचे डॉक्टर म्हणाले, आणि रविराजच्या आईनं, छबुबाईनं, नजर लागली म्हणून त्याला कपिलधारला नेऊन धबधब्याचं पाणी डोळ्यांना लावलं. रांगायच्या वयात ते लेकरू गेलं. दुसरी गार्गी. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून मोहिनीनं ठेवलं. गार्गीचे डोळे इतके लख्ख, की शेजारणी म्हणायच्या, ही वकील होणार. मान मात्र धरेना. पाय बेडकाच्या पायांसारखे दोन्हीकडं पडलेले, रडणं अगदी बारीक, आणि श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर. बघायची मात्र सगळं. रविराज दुकानातून फ्लेक्सच्या रंगीत चिंध्या आणायचा, तिच्यापुढं हलवायचा, आणि ती मनगट तेवढं हलवून हसायची. त्या हसण्यात काहीही कमी नव्हतं. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कुठं आजाराचं नाव कळलं. औषध निघालंय, पण ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही, हेही त्याच दिवशी कळलं. ती गेली त्या दुपारी तो दुकानात होता. स्वप्नालीचा फोन आला तेव्हा कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर मशीनमधून अर्धा बाहेर आलेला होता, आणि तो पूर्ण बाहेर येईपर्यंत रविराज तसाच उभा राहिला. का, ते त्याला माहीत नाही. माणसाचा चेहरा अर्धाच छापून निघाला होता, एवढं आठवतं. दोन्ही वेळेला छबुबाई म्हणाली, हिच्या पोटातच खोट हाय. आधी माजघरात म्हणाली, मग ओट्यावर, मग पाव्हण्यारावळ्यांत. स्वप्नाली ऐकून घ्यायची. रविराजही ऐकून घ्यायचा. त्यालाही मनातून तसंच वाटत असावं, कारण त्यानं आईला कधी थांबवलं नाही.

म्हणून तर दवाखान्यातून आल्याच्या त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा त्याला बरंच वाटलं. आता सांगायला काहीतरी होतं. भावी आमदार म्हणून मिरवणाऱ्या एका तरुणाचा बॅनर जमिनीवर पसरून तो कडेला पितळी कड्या ठोकत होता. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. "काय म्हनली ती बाई?" छबुबाईनं विचारलं. "आई, स्वप्नालीत खोट न्हाई. दोघांत मिळून हाय. माझ्यातबी हाय. आता तिला काय बोलू नको." "तुझ्यात कशी आसंल?" "हाय. मॅडम म्हनली ना. दोघांचं एकच रगत, म्हनून झालं. दुसऱ्या कुणासंगट झालं आसतं तर लेकरं धड झाली आसती." तिकडं मळ्यावर कुत्रं भुंकत होतं तेवढं ऐकू आलं. "दुसरीसंगट? तशी तोंडानं म्हनली ती?" "हां." "आता केलं तरी धड व्हतील?" रविराजनं हातोडा खाली ठेवला. "आई, मी त्ये म्हनत न्हाई. तिचा दोष न्हाई, एवढंच म्हनतोय." "आरं पन म्हनली ना?" "म्हनली." "मंग बरं केलंस बाबा ईचारलंस," छबुबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजातला असा आनंद त्याला कितीतरी महिन्यांनी ऐकू आला.

फोन ठेवल्यावर तो बॅनरवरच बसला, त्या भावी आमदाराच्या खांद्यावर. आपण बायकोची बाजू घ्यायला गेलो होतो, याबद्दल त्याला शंका नव्हती. मग हे असं कसं झालं? चूक आईची आहे असं म्हणावं तर आईनं काहीच वाकडं केलं नव्हतं. जे दिलं ते घेतलं. तिला देताना त्यानं मॅडमच्या उत्तरातलं काय उचललं आणि काय तिथंच ठेवलं, हे मात्र आता त्याला स्पष्ट दिसायला लागलं. दोघांनाही लागू आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. स्वप्नालीलाही दुसऱ्याशी लग्न करून धड लेकरं होऊ शकतात, हे वाक्य त्यानं आईला सांगितलं नव्हतं. विसरला असं नाही. ते वाक्य सांगण्यासारखं त्याला वाटलंच नव्हतं. पाटोद्यापासून कड्यापर्यंत दुसरी बायको केलेले पुरुष त्याला कितीतरी ठाऊक होते, दुसरा नवरा केलेली बाई एकही नाही. मग ते वाक्य बोलून काय उपयोग? आणि मोहिनीला लगेच सांगा, हेही मॅडम म्हणाल्या होत्या. ते सोडून त्यानं फोन उचलला तो आईचा. उद्या करू मोहिनीला, तो मनाशी म्हणाला. उद्या झाला, परवा झाला. दिवस गेलेल्या बाईला असलं काही सांगून उगाच घोर लावायचा का, असा एक चांगला विचारही त्याला मदतीला सापडला.

रविवारी आईनं दोघांना मळ्यावर बोलावून घेतलं. स्वप्नाली आत चहा टाकत होती आणि बाहेर ओट्यावर, म्हणजे चुलीपासून हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर, छबुबाईनं विषय काढला. तिच्या मावसबहिणीच्या दिराची पोरगी होती. "आपल्या नात्यात कुठंच येत न्हाई. म्या सगळं ईचारलं. आन् रगत तपासून घिऊ म्हनलं. त्येंचीबी ना न्हाई." इतकी वर्षं पत्रिका आणि गुण बघणारी आई रक्ताची तपासणी इतक्या सहज बोलून गेली, की रविराजला हसू येतं की काय असं वाटलं. मंजुषा मॅडमनी खालच्या आवाजात, एकेक शब्द जपून सांगितलेलं शहाणपण त्याच्या मळ्यावर येऊन सोयरीक जुळवायला बसलं होतं. सुंदररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् मोहिनी?" "मोहिनीचं काय?" "हिला तिकडं धाडलीस, की सांजच्याला मोहिनी हितं दारात उभी ऱ्हाईल. पोटुशी हाय ती. साटंलोटं हाय ह्ये, ध्यानात ठिव." लेकीचं नाव निघाल्यावर छबुबाईचा चेहराच उतरला. सुंदररावांनी निकाल दिल्यासारखं म्हटलं, "ऱ्हाऊ दे हिला. मोहिनीसाठी तरी ऱ्हाऊ दे." तेवढ्यात स्वप्नाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सासऱ्यापुढं, म्हणजे सख्ख्या मामापुढं, कप धरून म्हणाली, "मामा, तुमच्यात साखर टाकली न्हाई." सुंदररावांनी कप घेतला आणि वर बघितलं नाही.

रविराज त्या वेळी काहीतरी बोलणार होता. निदान नंतर त्याला तसं वाटलं. मी हिला सोडणार नाही, मोहिनी असो नसो, असं काहीतरी. पण सगळं त्याच्याशिवायच मिटलं होतं. बायको राहणार होती. ती राहणार ती तो म्हणतो म्हणून नव्हे, बहीण परत येऊ नये म्हणून. दोर दुसऱ्यांनीच बांधले होते आणि दुसऱ्यांनीच सोडवले होते. बीडला परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात वारा तोंडावर घेत तो विचार करत होता, की मोहिनी नसतीच तर? किंवा तिचं लग्न दुसरीकडं कुठं झालं असतं तर? तर मी काय केलं असतं? तो स्वतःला हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिला. दुकानात पक्ष बदललेल्या पुढाऱ्यांचे जुने फोटो त्याच्याकडं यायचे. मधला एक माणूस काढायचा आणि त्याच्या जागी मागची भिंत, झाड, आभाळ भरून टाकायचं. कुणाला कळतही नाही की तिथं कुणी उभं होतं. हे काम बीडमध्ये त्याच्याइतक्या सफाईनं कुणाला जमत नसे. घरी स्वप्नाली डबा भरून द्यायची, कपडे वाळत घालायची, मालिका बघायची. रात्री दोघांच्या मधोमध गार्गीपुरती जागा ती अजून सोडायची. त्या दिवशी दवाखान्यात काय झालं, ते तिनं एकदाही काढलं नाही. तिनं भांडावं, असं त्याला फार वाटायचं.

एका संध्याकाळी तो घरी आला तर ती भाकरी थापत होती. परातीवरची नजर न काढता म्हणाली, "मी उद्या कड्याला जाते. परत यायची न्हाई." त्याला आधी कळलंच नाही. "कावून? कुनी काय म्हनलं का?" "कुनी न्हाई म्हनलं. मी तिथं सांगनार, की मीच तुमाला सोडलं. मला नांदायचं न्हाई म्हनून." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुमी सोडलं आसं झालं, तर लोक रामला मोहिनीला सोडायला लावतेत. मी सोडलं म्हनलं की मीच वंगाळ. मंग मोहिनीला परत बोलवायचं का न्हाई ह्ये तुमच्या हातात ऱ्हातं. तुमी बोलवू नका. मिटलं." भावाबहिणीनं मिळून बांधलेल्या गाठीतून वाट आहे, हे सुंदररावांना सुचलं नव्हतं, छबुबाईला नव्हतं, त्याला तर नव्हतंच. हिनं ती शोधून काढली होती आणि ती फक्त हिच्याच अंगावरून जात होती. "आसं कसं करतीस तू," तो म्हणाला. वाक्य बरोबर होतं पण त्याला दम नव्हता. "मोहिनीला सांगितलं का तुमी? तपासायचं?" "सांगनार होतो." "मला वाटलंच. मी सांगते. दोघांना मीच घिऊन येते मॅडमकडं." मग भाकरी उलटून ती म्हणाली, "मॅडम दोघांनाबी म्हनल्या होत्या. मामीला तुमी एकट्याचंच सांगितलं." "मला तसं म्हनायचं नव्हतं..." "म्हाईत हाय. मी काय दुसरं लगीन करायला चालले न्हाई. पन सांगायचं तरी." भाकरी फुगली होती. तिनं ती त्याच्या ताटात वाढली आणि तो जेवला. दोन भाकरी जेवला. आपल्याला भूक लागली आहे, याची त्याला फार लाज वाटली.

सकाळी बस स्टँडवर नगरकडं जाणारी गाडी आधीच लागलेली होती. पिशवी एकच. गार्गीचं दुपटं तिनं घेतलं की ठेवलं, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. ती खिडकीशी बसली आणि तो खाली उभा राहिला. त्यानं पाण्याची बाटली आणली, बिस्किटाचा पुडा आणला, पोचल्यावर फोन कर म्हणाला, ऊन कुठल्या बाजूनं येईल ते बघून बाजू बदल म्हणाला. एवढं बोलला, आणि एक वाक्य होतं ते सोडून सगळं बोलला. ते वाक्य खोटं होतं असंही नाही. पण ते म्हटलं आणि ती खरंच उतरली, तर? मग तिला घेऊन घरी जायचं, आणि पुढं चारात एकच्या त्या चिठ्ठ्या, ती तिसऱ्या महिन्यातली तपासणी, आई, ते सगळं. ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं दार ओढलं. स्वप्नालीनं खिडकीच्या गजावर हात ठेवून खाली वाकून म्हटलं, "एकदा म्हनायचं तरी, जाऊ नको म्हनून. मी गेलेच आसते." त्यानं तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "आता नका म्हनू." गाडी मागं सरली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. रिक्षावाल्यांनी दोनदा हटकल्यावर रविराज बाजूला झाला.

दुपारी दुकानात भिवराबाईचा फोन आला. त्याची आत्या आणि सासू. लहानपणी आजारी पडला की हीच त्याच्या उशाशी बसायची, त्याच्यासाठी लोण्याचा गोळा लपवून ठेवायची. ती रडत होती. "रवी, बाळा, काय ऐकते मी ह्ये? म्हनती, मीच सोडलं त्येला. तोंड वर करून म्हनती. खरं हाय का रं?" मशीनवर काहीतरी छापलं जात होतं, पट्टा सरकल्याचा आवाज येत होता. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं मोहिनीचं घर मोडलं असतं. आणि ते मोडणार नसतं तरी आपण ते वाक्य बोललो असतो का, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. "हां, आत्या," तो म्हणाला. "खरं हाय." भिवराबाईनं पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. "दोन लेकरं गेली तरी तू तिला कधी वावगं बोलला न्हाईस, आन् हिनं आसं केलं. मोहिनीचा घोर करू नको, तिला मी लेकीवानी ठिवीन. माझीच पोरगी वंगाळ निघाली रं बाळा. मला माफ कर. पाया पडते तुझ्या."

"असू दे, आत्या," रविराज म्हणाला.